आमचे सर पुरस्काराच्या यादीत का बसत नाहीत? शिक्षक पुरस्कार निवड समितीला खुले पत्र

प्रति,
शिक्षक पुरस्कार निवड समितीतील सन्माननीय सदस्य,
पुणे

स. न. वि. वि.

आमच्या रात्रशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या सरांसाठी तुमच्याकडे एक प्रस्ताव पाठवला होता. तो तुम्ही परत पाठवलात. सोबतच्या पत्रात तीन कारणं दिली आहेत. सर नियमित, पूर्णवेळ सेवेत नाहीत. शाळेचा दहावीचा निकाल तुम्ही ठरवलेल्या टक्केवारीच्या खाली आहे. आणि प्रस्ताव शिक्षकाने स्वतः, मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह सादर केलेला नाही. तिन्ही कारणं तुमच्या नियमांना धरून आहेत, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार त्या नियमांबद्दलच आहे, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. तुमच्या संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच नियम इतर ठिकाणीही आहेत आणि मला एका समितीला लाजवायचं नाही.

मी कोण, हे आधी सांगते. लग्न होऊन पर्वती पायथ्याला राहायला आले तेव्हा माझी सातवी झाली होती. सकाळी सहकारनगरात लोकांच्या घरी पोळी-भाजी, दुपारी घरचं काम, आणि मग रात्रशाळा. आठवीत नाव घातलं तेव्हा माझा मुलगा बालवाडीत जात होता. दहावी झाले, बारावी झाले, नर्सिंगचा कोर्स केला, आणि आज एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. डॉक्टरांनी लिहिलेला डोस बाटलीवरच्या मिलिग्रॅमशी ताडून किती मिलिलिटर काढायचा, सलाइनचे मिनिटाला किती थेंब ठेवायचे, हे त्रैराशिक मी रोज करते. ते माझ्याकडून सरांनी घटवून घेतलं. तेव्हा या प्रश्नात मी तटस्थ नाही.

आमची शाळा ज्या इमारतीत भरायची ती दिवसा दुसऱ्याच शाळेची. संध्याकाळी आम्ही आत शिरायचो तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप, ग्रंथालयाला कुलूप, आणि बाकं लहान मुलांच्या मापाची. मोठी माणसं त्यांत गुडघे अडकवून बसायची. विज्ञानाच्या पुस्तकात पानोपानी 'करून पहा' असायचं आणि करून पाहायला हाताशी काही नसायचं. सरांनी टपरीवरून चुना आणला, तो रात्रभर पाण्यात ठेवला आणि वरचं नितळ पाणी काचेच्या बाटलीत भरून वर्गात आणलं. चुन्याची निवळी. ज्यूसच्या दुकानातून नळ्या आणल्या होत्या. पहिली नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "फुंक." मी फुंकत राहिले, आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं. मागच्या बाकावर मार्केट यार्डात हमाली करणारे एक काका बसायचे, पन्नाशी ओलांडलेले. ते उठून पुढे आले आणि म्हणाले, "सर, मला पण द्या." मग सगळ्या वर्गाने फुंकून पाहिलं. सरांनी कुणाचीही घाई केली नाही.

त्याच तासाला काकांनी विचारलं, "थंडीत आम्ही गोदामात दार लावून शेगडी पेटवतो आणि झोपतो. सकाळी डोकं धरलेलं असतं, ते याच वायूमुळे का?" सरांनी पुस्तक मिटलं. श्वासातून बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड. हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो आणि त्यातून येतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास, आणि तो झोपेतच माणसाचा जीव घेतो, हे त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखून समजावलं. शेगडी बाहेर ठेवायची, निदान झडप उघडी ठेवायची, आणि हे गोदामातल्या बाकीच्यांनाही सांगायचं, असं काकांकडून वदवून घेतलं. त्या दिवशीचा धडा राहिला, तो त्यांनी रविवारी सकाळी घेतला. रविवारच्या तासाचे पैसे त्यांना मिळत नव्हते. ते तासिका तत्त्वावर होते, म्हणजे ठरलेल्या तासांपुरतेच पैसे.

आता तुमच्या तीन कारणांकडे येते.

प्रस्ताव शिक्षकाने स्वतः सादर करायचा, हे मला सर्वांत जास्त खुपतं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठीही २०१८ पासून शिक्षकाने स्वतः ऑनलाइन अर्ज भरायची पद्धत आली. त्यामागचा विचार मला समजतो: कुणाच्या मेहेरबानीवर नाव अवलंबून राहू नये. पण हल्ली प्रस्ताव म्हणजे फाइल. उपक्रमांचे फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, व्हिडिओ, अभिप्राय. अशी फाइल करणारे शिक्षक कमी प्रतीचे असतात असं मी अजिबात म्हणत नाही. पुरस्कार मिळालेले कितीतरी शिक्षक खरोखर मोठं काम करतात. पण दिवसा एका ठिकाणी नोकरी, संध्याकाळी रात्रशाळा आणि रविवारी राहिलेले धडे असा ज्याचा आठवडा आहे, त्याने ती फाइल कधी करायची? चुन्याच्या निवळीच्या तासाचा फोटो कुणी काढला नाही. त्या तासाची नोंद आहे ती आमच्या डोक्यात, आणि काकांच्या गोदामाच्या उघड्या झडपेत. आम्ही तीच नोंद लिहून, सह्या करून तुमच्याकडे पाठवली. ती तुम्ही अग्राह्य ठरवलीत, कारण ती शिक्षकाने स्वतःबद्दल लिहिलेली नव्हती. आम्ही सरांना अर्ज भरायला सांगून पाहिलं होतं. "मी माझ्याबद्दल काय लिहू?" म्हणाले आणि विषय बदलला. ज्याला स्वतःची स्तुती लिहायला संकोच वाटतो, त्याच्या संकोचामुळे त्याचं नाव बाद व्हावं हे मला पटत नाही.

दुसरं कारण नियमित सेवेचं. राष्ट्रीय पुरस्काराच्या नियमांतही कंत्राटी शिक्षक आणि शिक्षामित्र (काही राज्यांतले मानधनावरचे शिक्षक) अपात्र आहेत, हे मी वाचलं आहे. म्हणजे वरपासून खालपर्यंत ही एकच चाळणी आहे, आणि तिच्यातून कोण गळतं ते एकदा शांतपणे पाहा. तासिकांवर शिकवणारे. रात्रशाळांतले अर्धवेळ शिक्षक. अपंग मुलांसाठी आज या शाळेत, उद्या त्या शाळेत जाणारे विशेष शिक्षक. मानधनावरच्या बालवाडीच्या ताई. बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या खोलीत मजुरांच्या मुलांना अक्षरओळख करून देणारे. ज्यांचं शिकणं सर्वांत आधी तुटतं, त्या मुलांसमोर बहुतेक वेळा हीच माणसं उभी असतात. बिगरनियमित असणं हा काही त्यांनी निवडलेला मार्ग नाही. जागा भरल्या जात नाहीत, म्हणून ते तिथे आहेत.

रात्रशाळेचं तर आणखी एक आहे. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. चौदा पूर्ण झाली की कायद्याचा हात सुटतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत, बाकीची देता येतात. ही बाकीची कामं म्हणजे लक्ष्मी रोडवरची कापडाची दुकानं, तुळशीबागेतले गाळे, हॉटेलं, गॅरेजं. त्या मुलांना शाळेत आणायची सक्ती कुणावरही नाही. आमचे सर ते करायचे. एखादा मुलगा चार दिवस आला नाही की संध्याकाळी शाळेच्या आधी त्याच्या दुकानात जाऊन मालकाला गाठायचे. "शेठ, परीक्षेपर्यंत याला अर्धा तास आधी सोडा, सकाळी अर्धा तास लवकर बोलवा." दिवाळीच्या सीझनला वर्ग निम्मा रिकामा असायचा, कारण दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी. कोणाचा कुठला भाग बुडाला ते सर एका वहीत लिहून ठेवायचे आणि सीझन संपला की एकेकाला बसवून भरून काढायचे.

हे पुण्यात घडतं आहे, म्हणून मला जास्त लागतं. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. आमची शाळा त्याच रस्त्यावरची आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला, तेव्हा ते कुठल्या सरकारी शाळेतले कायम शिक्षक नव्हते. काम पाहिलं गेलं आणि सत्कार झाला. आज शिक्षकांच्या गौरवाच्या प्रत्येक व्यासपीठावर सावित्रीबाईंची तसबीर असते, आपल्या राज्याच्या शिक्षक पुरस्कारालाही त्यांचंच नाव आहे. त्या तसबिरीसमोर रात्रशाळेच्या शिक्षकाला 'तुम्ही नियमित नाही' म्हणून परत पाठवताना समितीतल्या एकाही सदस्याला अडखळायला झालं नसेल, असं मला वाटत नाही.

तिसरं कारण निकालाचं. हे गणित मांडूनच दाखवते. समजा एका शाळेत नववीत ४० मुलं आहेत. त्यातल्या कच्च्या दहा जणांना नववीतच थांबवलं, पालकांना बोलावून 'सतरा नंबरचा फॉर्म भरा' (म्हणजे शाळेबाहेरून, खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसा) किंवा 'रात्रशाळा बघा' असं सांगितलं, आणि उरलेली ३० मुलं दहावीला बसून पास झाली. निकाल १०० टक्के. ती दहा मुलं रात्रशाळेत आली. तिथली आधीची १५ धरून २५ जण परीक्षेला बसले, १४ पास झाले. निकाल ५६ टक्के. तुमच्या कोष्टकात पहिली शाळा पात्र आणि दुसरी अपात्र. पण त्या दहांपैकी ज्यांच्या हातात दहावीचं गुणपत्रक पडलं, ते कुणाच्या शिकवण्याने पडलं? ही आकडेवारी माझ्या कल्पनेतली आहे, प्रकार मात्र कल्पनेतला नाही. माझ्या वर्गात असे सतरा नंबरच्या वाटेवरून वळवलेले मुलगे आणि मुली होत्या. 'तुझ्यामुळे शाळेचा निकाल पडेल' हे वाक्य ऐकून आलेल्या. त्यांना आधी हे पटवावं लागायचं की वर्गात चुकीचं उत्तर दिलं तर कुणी हसणार नाही. सरांचे पहिले दोन महिने त्यातच जायचे.

आमच्या वर्गात हॉटेलात वेटरचं काम करणारा एक मुलगा होता. पाच जणांच्या टेबलाचं बिल तोंडी करायचा, आणि कागदावर साधं शेकडेवारीचं उदाहरण दिलं की पेन खाली ठेवायचा. सरांनी एकदा त्याला उभं केलं, बिल मोठ्याने करायला लावलं आणि तो जे बोलत होता ते पायरीपायरीने फळ्यावर लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "ही रीत पुस्तकातली नाही, तुझी आहे. उत्तरपत्रिकेत अशीच लिही." तो मुलगा पहिल्या खेपेला पास झाला नाही. गणितात राहिला. सर त्याला पुरवणी परीक्षेपर्यंत घेऊन बसले आणि तो सुटला. तुमच्या टक्केवारीत तो नापासच आहे, कारण तुम्ही मार्चचा निकाल धरता.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, पण ती या सगळ्याच्या मुळाशी आहे. या निवडीत विद्यार्थ्याला कुणी काही विचारत नाही. समितीतलं कुणी वर्गात येऊन बसत नाही. शिक्षकाने काय केलं याचे कागद तपासले जातात, विद्यार्थ्याला काय आलं हे तपासलं जात नाही. एखादं मूल सहा महिन्यांपूर्वी वाचत नव्हतं आणि आता वाचतं, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात. त्या मुलाला पुस्तक द्यायचं आणि ऐकायचं.

मला सुचवायचं आहे ते थोडक्यात आणि स्पष्ट लिहिते. शिक्षकाने स्वतः अर्ज करण्याची सक्ती काढा. माजी विद्यार्थी, पालक आणि सहकारी यांनी सह्यांनिशी दिलेली शिफारस ग्राह्य धरा, आणि ज्यांची नावं विचारात घ्याल त्यांच्या वर्गात न कळवता जाऊन बसा. तासिका, मानधन, कंत्राट, अर्धवेळ, यांपैकी कशावरही काम करणाऱ्या शिक्षकाला पात्र धरा. त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक वेगळा उत्तेजनार्थ पुरस्कार नको. मुख्य पुरस्कारच खुला करा. दहावीच्या टक्केवारीची अट रद्द करा. तिच्याऐवजी दोन गोष्टी पाहा: मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि गेलं तेव्हा कुठे होतं, आणि वर्षाच्या सुरुवातीला असलेल्या मुलांपैकी शेवटपर्यंत किती टिकली. पुरवणी परीक्षेत सुटलेल्यांना पास धरा. निवडीचे निकष आणि कुणाला कशासाठी निवडलं याची कारणं जाहीर करा, म्हणजे निवड न झालेल्यांनाही काही शिकता येईल.

यानंतरची मागणी तुमच्या अखत्यारीबाहेरची आहे, तरी लिहिते, कारण तुमच्या व्यासपीठावर मंत्री आणि अधिकारी येतात आणि तुमचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचतो. तासिकेवरच्या शिक्षकाचे पैसे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मिळाले पाहिजेत. आमच्या सरांचे पैसे कित्येक महिने थकायचे, हे आम्हाला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही, शाळेच्या शिपाईकाकांकडून कळलं. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी गावच्या प्राथमिक शिक्षकाला महिना किमान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये पगार असावा, असा आकडाच घातला होता. शिक्षकाचा मान आणि शिक्षकाचा पगार त्यांनी वेगवेगळे केले नाहीत. सरकारने शिक्षणसेवकांचं, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर नेमलेल्या शिक्षकांचं, मानधन २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार केलं, त्याचं स्वागत आहे. पण तासाच्या हिशेबावर शिकवणाऱ्याला दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी म्हणजे बिनपगारी दिवस. तुम्ही सत्काराच्या भाषणात हा विषय एकदा जरी काढलात तरी शालीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि रात्रशाळा ज्या इमारतींत भरतात तिथल्या प्रयोगशाळा व ग्रंथालयांच्या किल्ल्या संध्याकाळी त्यांच्याकडे असाव्यात. याला पैसा लागत नाही, एक पत्र लागतं.

एक शंका तुमच्या मनात येईल: असा शिक्षक पुरस्कारासाठी काम करत नाही, मग पुरस्कार कशाला? सरांना पुरस्कार नसल्याचं दुःख नाही, हे खरं आहे. पण पुरस्कार दिला की शहराला कळतं, चांगलं शिकवणं म्हणजे काय. नवीन शिक्षक ते पाहतात, संस्थाचालक पाहतात. वर्षानुवर्षं फक्त शंभर टक्के निकालाचा सत्कार होत राहिला, तर कच्च्या मुलाला वर्गात ठेवून घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे हेच सगळे शिकतील. माझ्यासारख्या बाईला सातवीनंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी वर्गात घेतलं. उद्या येणाऱ्या बाईलाही कुणी घ्यावं, यासाठी त्या घेणाऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं गेलं पाहिजे.

सरांना निवृत्त व्हायला फार काळ उरलेला नाही, आणि निवृत्त झाल्यावर तुमच्या नियमांतलं आणखी एक कलम त्यांच्या आड येईल. म्हणून प्रस्ताव आम्ही याच महिन्यात पुन्हा पाठवत आहोत. या वेळी त्यावर माजी विद्यार्थ्यांच्या सह्या जास्त असतील, आणि प्रत्येकाने आपण काय शिकलो ते स्वतःच्या हाताने लिहिलेलं असेल. नियम या वर्षीच बदलणं शक्य नसेल तर तसं सांगा, पण पुढच्या वर्षीच्या अर्जांआधी बदलणार की नाही याचं लेखी आणि कारणांसह उत्तर द्या. ते उत्तर आम्ही या पत्राइतक्याच उघडपणे सगळ्यांपुढे ठेवू.

आपली विश्वासू,
रात्रशाळेची एक माजी विद्यार्थिनी,
पर्वती पायथा, पुणे